फावड्याची खाच

रेड नदीकाठी, बीटच्या कोठारात,
कोंबड्यांनी वर्षानुवर्षं घाण केलेली
सेहेचाळीस सालची जीप.
गिअरचा दांडा खाली नाही, स्टिअरिंगच्या मानेला.
"अशा फार थोड्या उरल्यात," लाइल म्हणाला,
आणि टोपी काढली, कुणी गेल्यासारखी.

मग पार्सलं येऊ लागली.
आयडाहोहून डेल्मारचा कार्ब्युरेटर, लोकरी मोज्यात कोंबलेला.
अर्डिसबाईंनी नवऱ्याच्या डब्यातले बोल्ट
तांदळासारखे निवडून धाडले.
पैसे विचारले तर म्हणाल्या,
"सुरू झाली की आवाज ऐकव."

कुशीच्या पत्र्यात एक खाच होती,
सैनिकाचं फावडं अडकवायची.
युद्ध संपलं, जीप नांगराला जुंपायची ठरली,
हिरवा रंग चढला,
पण साच्याला कुणी कळवलंच नव्हतं.
"भरून टाकू?" लाइलने विचारलं.
मी बोट फिरवलं. नको.

नोव्हेंबर. उणे अकरा.
इंजिन खोकलं, थांबलं,
शिव्या खाऊन पुन्हा खोकलं,
आणि धरलं त्याने.
मी फोन बॉनेटवर टेकवला.

पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग अर्डिसबाई:
"चोक आत ढकल गं थोडा.
तो नेहमी विसरायचा."