दातापेक्षा मऊ

कॅसलटनच्या चढावर विल्फ बॅगशॉची कार्यशाळा:
एक लेथ, ओल्या दगडाचा वास,
खिडकीत तो डोंगर, जो अख्खा डांबरी रस्ता
गिळून बसलाय आणि अजून घसरतोच आहे.

गेल्या मंगळवारी मी त्यांची दाढ काढली,
समोरचा एक दातही.
आज टाके बघायला मीच आले, तर म्हणाले, थांबा,
आणि फडक्यातून वाडगा काढला.

निळा. मग दुधी. मग जांभळा, जवळजवळ काळा.
मध्येच जुन्या तुपाचा एक पिवळा पदर.
"ब्लू जॉन. हा जॉन कोण, ते विचारू नका.
शिसं शोधायला डोंगरात शिरले होते,
हे हाती लागलं. आधी चिडलेच असतील."

याला घाई चालत नाही, म्हणतात.
आधी हलका तापवायचा, मग राळ पाजायची,
आजोबा चिडाची पाजत, आता डब्यातली येते.
न पाजता लेथवर चढवला
तर चार दिशांनी उकलतो.
जास्त तापवला तर निळा जातो.
गेलेला निळा परत येत नाही.

"आणि कठीण किती?"
"दातापेक्षा मऊ. तुम्हाला मी काय सांगणार!"

खरं आहे. चुना आणि फ्लोरीन, बस्स.
तेच मी रोज चिमूटभर लिहून देते,
तेच आमच्या गावच्या हापशातून यायचं, केळापूर तालुक्यात.
सरकारनं हापसा लाल रंगवला तेव्हा
गिरजाआत्या तीस वर्षांची होती,
दातांवर पट्टे, खडूचे आणि कातासारखे, आडवे,
वर्षं मोजावीत असे.
तिला बघायला आलेले पोहे खाऊन जायचे.

लाइट गेली की ती हसायची.
मोठ्यानं. अंधारात आम्ही मुद्दाम विनोद करायचो.

विल्फ वाडगा खिडकीशी धरतात:
उजेड आरपार, पट्टा पट्टा पेटतो,
आणि त्यांच्या बोटांवर निळं सांडतं.
हा निळा कशानं, मी विचारते.
"विद्यापीठवाले दर दहा वर्षांनी नवं सांगतात,"
म्हणून ते हसतात,
आणि हसता हसता हात तोंडावर नेतात,
दोन बोटं, किंचित तिरकी,
अगदी तशीच.

"हात काढा," मी म्हणते, "टाके बघायचेत."