पोटरी

इतवारीच्या दुकानात गादी काढून
काचेचं काउंटर केलं, त्या दिवाळीपासून
बसणं संपलं माझं.
सव्वीस वर्षं उभा.
साड्या उलगडत, घड्या घालत, एकाच फरशीवर.
पायांनी काही केलं नाही. नुसते होते.

मग पोटऱ्यांवर निळे दोरे उमटले,
आधी बारीक, नंतर गुंतलेले,
लडी विस्कटावी आणि कुणी सोडवू नये तसे.

मेडिकलमधल्या फिजिओच्या वासनिक मॅडम,
माझ्या धाकटीपेक्षा लहान,
केसपेपरच्या पाठीवर पाय काढून म्हणाल्या,
"काका, खाली जायले काही लागत नाही.
हृदयानं ढकललं, गेलं.
वर येणं, ते खरं काम."
शिरांमध्ये म्हणे इवलाली दारं असतात,
वरच्या बाजूलाच उघडणारी.
पोटरी आवळली की रक्त एक दार चढतं,
सैल सोडली की दार मागे लागतं
आणि खालून नवं भरतं.
"तुम्ही आवळलीच नाही न काका.
दारं तरी किती दिवस धरून ठेवतीन?"

मे महिना, सेहेचाळीस अंश,
कूलरसमोर बसून ते घट्ट मोजे चढवायला वीस मिनिटं.
बायको म्हणते, एवढ्यात तर
नवरीचा शालू नेसवून होते.

पहाटे अंबाझरीच्या काठाने चालतो.
पहिली फेरी शिशाची.
दुसरीत पोटऱ्या तापतात,
तिसरीत श्वास खोल जातो
आणि छातीच वरून ओढून घेते रक्त,
शेंदल्यासारखं.
एकदा मध्येच थांबलो, कुणीतरी हाक मारली म्हणून,
डोळ्यांपुढे अंधारी.
वर येणारं सगळं पायातच बसलं.
आता हाकेला हात करतो, थांबत नाही.

हृदयाला मी मालक समजत होतो.
तेही गल्ल्यासारखंच निघालं:
येईल तेवढंच पुढे लावतं.

बाबा तांडापेठेत खड्ड्याच्या मागावर बसायचे.
हात धोट्याला, पाय खाली पावड्यांवर,
डावा, उजवा, डावा,
दिवसभर, पोरं झोपेपर्यंत.
छाती खोकून गेली त्यांची.
पण शेवटची आंघोळ घालताना पाहिल्या मी पोटऱ्या,
गुळगुळीत, एक निळी रेघ नाही.
त्यांनीच मला खड्ड्यातून वर काढलं होतं.
"पोट्ट्या, तू सायाचा नको विणू, इक.
धुतल्या कपड्यात उभा राह्य."
राहिलो.

रात्री लोडावर पाय टाकून पडतो.
आडव्याला चढ नसतो.
रक्त आपलं सपाटीने घरी जातं,
ना दार वाजवत, ना धापा टाकत,
मोज्यांचे वळ हळूहळू भरून येतात.
झोप लागता लागता
पंजे हलत असणार माझे,
कारण अंधारातून ती विचारते,
"काय विणून राहिले जी?"