डावा कोपरा

हर्णै जेटीमागं, झेरॉक्सच्या दुकानात
हिरू तांडेल पेनड्राइव्ह ठेवतो:
"हलतंय जरा. सरळ करून दे."

नव्या इंजिनाची पहिली फेरी.
शूटिंग काशाचं, एका हातानं;
दुसरा दोरावर.

सॉफ्टवेअर सुवर्णदुर्गाचा बुरूज पकडतं,
खुंट्याला बांधावं तसं
सगळं त्याला बांधून टाकतं.
कडा थोड्या कापल्या जातात,
तेवढं चालतं.

हिरू वाकून बघतो.
क्षितिज पट्टीनं आखलेलं. किल्ला ठार गप्प.
"बोट पाण्यात नाहीच ही," म्हणतो,
"शाकारून ठेवलेली वाटते."
मग पुन्हा, डाव्या कोपऱ्यावर बोट टेकवून:
"इथं काशाचा अंगठा येत होता.
तो कुठं गेला?"

मी मूळ फाइल परत देतो.
वीस रुपये टेबलावर ठेवून
हिरू पायरीवरनं उतरतो,
सपाट रस्त्यावरही
थोडा झुलत.