बाजार उठल्यावर

चोपड्याच्या वाचनालयात पुण्याच्या बाईंनी
पडद्यावर एक पांढरा चौकोन दाखवला.
म्हणाल्या, हे पूर्ण चित्र आहे.
मागून कोणीतरी : ताई, बल्ब गेला वाटतं.
सगळे हसले,
सव्वीस वर्षं चित्रकला शिकवलेला मीसुद्धा.
मग त्यांनी रेकॉर्डिंग लावलं.
पियानोचे चार स्वर, तेच, परत तेच.
अकराव्या मिनिटाला वायरमन उठून गेला.
विसाव्याला पाहिलं तर
माझ्या पायाचा अंगठा मला न विचारता हलत होता.

घरी जाताना जिनिंगपाशी सायकल टेकवली.
उखर्डू फिटर रात्रपाळीला.
एवढ्या मोठ्या शेडमध्ये दोनच यंत्रं चालू,
त्यातल्या एकाचा पट्टा जरा ढिला.
खटक खट, खटक खट,
एक दुसऱ्याच्या मागे पडतं, केसभर,
मग बोटभर, मग वीतभर,
मग इतकं मागे की पुढे गेल्यासारखं वाटतं.
उखर्डूनं बोट वर केलं :
आयक सर, आते एक व्हतीन.
आणि झाली.
एका ठोक्यापुरतं सगळं थांबलं,
सरकीचा वास, दिव्याभोवती तरंगणारा कापूस,
मग पुन्हा सुटलं.
पट्टा का आवळत नाहीस?
सकायले आवळसू, म्हणाला,
रातभर जागाले काहीतरी लागस ना.

हे त्यात धरायचं का?
बाईंना विचारायला हवं होतं.
रचलं कोणीच नाही.
पण पाना त्याच्या खिशात होता,
आणि त्यानं तो खिशातच राहू दिला.

आमच्या घरी एकच लोटा होता.
त्याला कोणी कला म्हणालं तर मी भांडेन.
दुसरा घ्यायला पैसे नव्हते, विषय संपला.
कमी आणि थोडं शेजारी राहतात,
एकमेकांकडे जेवत नाहीत.
आई कळण्याच्या भाकरीवर तेल घ्यायची
ते चमच्याच्या टोकावर मावेल एवढंच,
पण त्याआधी अंगठ्यानं एक खळगा करायची,
बरोबर मध्यावर,
आणि तेल आपोआप तिथे जाऊन बसायचं.
तेल कमी होतं.
खळगा थोडा होता.
एवढाच फरक मला सांगता येतो,
आणि तोही भाकरीवरच.

सुरमी पावरा, आश्रमशाळा, सहावी ब,
सातपुड्याच्या पायथ्याकडची.
विषय दिला होता : आठवडी बाजार.
बाकीच्यांच्या कागदांवर छत्र्या, तराजू, केळीचे घड,
फुगेवाला, दोन डोंगरांमधला सूर्य,
कोणाचा बैल कागदाबाहेर निघालेला.
हिच्या कागदावर खाली उजवीकडे
एक लाल रेघ, नखाएवढी, देठासकट.
म्हटलं, बाजार कुठाय?
उठला ना सर.
ही मिरची राहिली.

शंभरात अठरा दिले मी.
कोऱ्या कागदाला शून्य द्यायचो,
म्हणजे ते अठरा मिरचीचेच झाले.
शेरा लिहिला : कष्ट घ्यावेत.

आज झोप येत नाही ती एका गोष्टीमुळे.
त्या कागदावर खोडरबराचा चुरा होता का?
असेल, तर तिनं सगळा बाजार आधी मांडला होता,
माणसं, गोण्या, भावावरून लागलेली भांडणं,
आणि मग संध्याकाळ होऊ दिली.
नसेल,
तर ती सहावीतच मला न सापडलेल्या ठिकाणी
सरळ चालत गेली होती.
किंवा कंटाळली होती. तेही शक्य आहे.
मी कागदावरून हात फिरवला नाही.

ते गठ्ठे रद्दीत गेले, यावल रस्त्याच्या भज्यांच्या गाडीवर.
म्हणजे तिच्या मिरचीवर
कोणीतरी तळलेली मिरची ठेवून खाल्ली असणार
आणि तेलाच्या डागात
उरलेला पांढरा भाग आरपार दिसला असणार.

खिडकी उघडी ठेवलीय.
जिनिंग इथपर्यंत ऐकू येतं.
एक मागे पडतंय.
केसभर.