उजवा बाण

संध्याकाळी साडेपाचला प्रौढांचा वर्ग भरतो.
रॅकवर ओले बूट, वर्गात लोकरी मोजे.
औलूत नोव्हेंबरच्या संध्याकाळी खिडकीला काम नसतं,
तिच्यात आम्हीच दिसतो : अकरा डोकी, अकरा पडदे.

नशवा दाराजवळ बसते. मन्सूराची.
तिकडे औषधांच्या दुकानातला हिशेब तिच्याकडे असे.
इथे पुढचं काही शिकायचं तर आधी हे गणित,
आणि गणिताची परीक्षा आता कागदावर होत नाही.

मी दाखवते : हा चौकोन. ठिपक्यांचा, रिकामा.
यात क्ष लिहा. मग टोपीचं चिन्ह दाबा,
कर्सर माळ्यावर चढेल, घातांकाच्या.
दोन लिहा.
आता उतरा.
उतरायचं राहिलं तर अधिक पाचही वरच जातात,
बरोबरचं चिन्हही वरच,
अख्खं समीकरण बारीक होऊन
क्षच्या खांद्यावर बसून राहतं.
गेल्या आठवड्यात तूरेचं बसलं होतं.
तो बंदरात क्रेन चालवतो.
म्हणाला, मला उंचीची भीती नाही.

उतरायला उजवा बाण. पुढे जा, मी म्हणते.
नशवा पुढे जाते.
म्हणजे डावीकडे.
कर्सर दोनच्या अलीकडे जाऊन लुकलुकतो.
पुढे, मी पुन्हा म्हणते, जरा मोठ्यानं,
जणू प्रश्न ऐकू येण्याचा आहे.

मग तिनं वही माझ्याकडे सरकवली.
वर्गमूळ उजवीकडून निघालेलं,
त्याचं छप्पर डावीकडे पसरत गेलेलं,
छपराखाली क्षच्या जागी सीन.
अंश वर, छेद खाली,
तेवढं मात्र तिचं-माझं एकच.
छत्तीस वर्षं मी हा विषय शिकवते.
दिशा भाषेला असते, गणिताला नाही,
असं मीच सांगत आले,
डावीकडून उजवीकडे लिहीत.

घरी येऊन तिची उत्तरं उघडली.
बेरजा सगळ्या बरोबर.
वजाबाक्यांत सातातून तीन जायचे, तिथं
तीनातून सात गेलेले.
यंत्रानं लाल केलं. पुन्हा लाल. पुन्हा.
बेरजेला कुणी कुठूनही आलेलं चालतं.
वजाबाकी विचारते, आधी कोण होतं?

पुढच्या मंगळवारी तिनं जखमेवरची पांढरी पट्टी आणली,
नखाएवढा तुकडा कापून उजव्या बाणावर चिकटवला,
त्यावर तिच्या अक्षरांत एक शब्द.
काय लिहिलंय विचारलं तर हसली.
"पुढे."
तोही तिनं उजवीकडूनच लिहिला होता.

खोडायची कळ एकदा दाबली
की अख्खा अपूर्णांक निळा होतो,
दुसऱ्यांदा दाबली की जातो.
खडूच्या काळात पुसलेलं थोडं उरायचं,
फळ्यावर कालच्या चुकीची राख असायची,
आणि मी तिच्यावरूनच ओळखायचे
कोण कुठे अडलं ते.
आता चौकोनात येतं ते शेवटचं, स्वच्छ.
त्याआधी कोण किती वेळा माळ्यावर अडकलं,
कुणी काय दोनदा खोडलं, कळत नाही.

म्हणून तिचा कच्चा कागद मी मागून घेतला.
याला गुण नाहीत, ती म्हणाली.
माहीत आहे, म्हटलं.

स्वयंपाकघरातल्या दिव्यासमोर तो उलटा धरला,
मागच्या बाजूनं वाचला.
वर्गमुळं माझ्याकडे उघडली,
वजाबाक्या माझ्या वाटेला लागल्या,
सातातून तीन गेले, बिनतक्रार.
फक्त सीनचे तीन दात
आता उलटीकडून चावत होते,
आणि कोपऱ्यात कॉफीच्या कपाचं गोल,
माझ्याच कपाचं बहुतेक.
ते दोन्ही बाजूंनी सारखं.