एक भाग कच्चा

ट्रेमध्ये उतरलेलं तेल लोटन मिस्तरीनं
काडीनं ढवळलं, आणि ट्रे उन्हात ओढला.
दुपारचे दोन, मे महिना, धुळे.
पारोळा रोडचं डांबर चपलेला चिकटत होतं.
तेलात चमक होती,
फाटक्या शालूतून गळावी तशी जर.
"हाई पितय शे," तो म्हणाला, "लोखंड नई."

लोखंड वेगळं सापडलं.
चुंबकाच्या बोल्टवर काळी मिशी आली होती
आणि मिशीत एक कणी, तांदळाएवढी,
तिसऱ्या गिअरच्या दाताची.
नकाण्याच्या माळावर, शेवटच्या वळणाआधी,
मी क्लच अर्धाच दाबला होता.
हे मी त्याला सांगितलं नाही.
त्यानं कणी पुसली, तंबाखूच्या रिकाम्या डबीत टाकली.
विचारलं काहीच नाही.

आमचं घर अमळनेरचं, घाण्याचं.
शेंगदाणा, करडई, तीळ:
डोळे मिटून, अंगठ्यावर बोट फिरवून सांगेन कोणतं,
किती दिवसांचं, आणि कुणी काय मिसळलंय.
म्हणून डबा मी फार ऐटीत आणला होता,
महागातला महाग, पाच नंबरचा.
मिस्तरीनं झाकण काढलं, हुंगलं. गंधक.
"दात वाचतील यानं. पण पितळ खाईल हे.
आणि रिंगा इतक्या निसरड्या होतील
की गिअरला धरणारच नाहीत.
तू घाई करशील, तो ओरडेल."
मग त्याचा चार नंबरचा डबा निघाला, पंच्याहत्तर-नव्वद.
मी बोटांत घेतलं. पातळ वाटलं मला.
"सकाळी जड नको, दुपारी पाणी नको," म्हणाला,
"चाखून बघू नको फक्त."
सात पिढ्यांचा घाणा त्या बोटांत
निम्माच कामाला आला.

यादीही आणली होती मी, वहीच्या दोन पानांची.
छर्रे मारून कडक केलेले दात.
शाफ्टच्या बेअरिंगमागे पोलादाची प्लेट,
ॲल्युमिनियमची काढून.
जाड फोर्क. सरळ दात्यांचा अख्खा सेट.
"सेट राहू दे, जात्यासारखा घरघरेल,
गाडी गावात आली की कुत्री मागं लागतील."
प्लेटला मात्र तो हो म्हणाला.
अवधानला मुनाफ टर्नरनं ती रात्रपाळीत कातली,
पहिली केसभर सैल निघाली म्हणून दुसरी,
आणि पैसे एकीचेच घेतले.

रिंगांपाशी मी अडून बसले.
याही पक्क्या करा. पोलादाच्या मिळतात.
लोटन मिस्तरी स्टुलावर बसला, चहा बशीत ओतला.
"समदं पक्कं करशी, मंग तुटी कथं?"
मला उत्तर आलं नाही.
त्यानं बशीतूनच गिअरबॉक्सच्या पोटाकडे बोट केलं.
"तठे. केसिंग फुटी. वरीसभरनी कमाई."
पितळी रिंग त्यानं हातावर फिरवली,
आतल्या बारीक आट्यांवरून नख ओढलं,
झिजलेल्या, जुन्या दाराच्या उंबऱ्यागत.
"हिला झिजू दे. मालेगावात
तीनशे ऐंशीला मिळते."

तिसऱ्या दिवशी बॉक्स चढला.
तेल भरलं बाजूच्या भोकातून,
बाहेर ओघळेपर्यंत, मग ओघळ थांबेपर्यंत;
जास्त भरलं तर फेस येतो, तो म्हणाला,
आणि तेवढ्यासाठी आम्ही दोघं
पंधरा मिनिटं गाडीखाली आडवे पडून
एका थेंबाची वाट पाहिली.

लळिंगच्या बाजूला नेली जिप्सी. तो शेजारी.
पहिला. दुसरा.
दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना
मी पाय तळापर्यंत नेला,
हात मधल्या मोकळ्या जागेत थोडा थांबवला,
आणि कुठल्यातरी अंधारात, तेलात बुडालेलं,
पितळ पोलादाला टेकलं.
आवाज नाही.
गिअर आत गेला, गूळ कढत्या पाण्यात जावा तसा.

तो खिडकीबाहेर किल्ल्याकडे बघत होता.
उतरताना त्यानं तंबाखूची डबी काढली,
माझ्या हातावर ठेवली, आत कणी वाजली.
"क्लच," म्हणाला,
आणि बिलाच्या कागदावर
आकडा लिहायला बसला.