श्वास धरा

नाव: एस्तेर दाऊद लोंढे.
वय एकोणसत्तर.
पिन चारशे सोळा, चारशे दहा.
देशांच्या यादीत अफगाणिस्तानापासून
घसरत घसरत
आम्ही भारतावर येऊन थांबलो.

मिरजेत, दर्गा रोडच्या माझ्या दुकानात
सातबारा निघतो, पॅनकार्ड निघतं,
पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले निघतात.
अवकाशात जायचा अर्ज हा पहिलाच.
"किती घेतोस?" बाईंनी विचारलं.
साधा फॉर्म तीस रुपये, म्हटलं.
हा साधा आहे का
ते माझं मलाच ठरेना.

कंपनी खासगी. सफर अकरा मिनिटांची,
त्यातली तीन बिनवजनाची.
फोटो पन्नास केबीच्या आत हवा,
म्हणून मी बाईंना
लहान करत गेलो, अजून लहान,
कपाळावरची आठी पुसट होईपर्यंत.

मग चौकट आली:
तुम्ही रोबो नाही, हे दाखवून द्या.
जिने असलेली चित्रं निवडा.
बाईंनी चष्मा कपाळावर चढवला
आणि मान तिरकी करून पडदा पाहिला,
फिल्म उजेडावर धरावी तसा.
मिशन हॉस्पिटलात एकतीस वर्षं एक्स-रे.
जत, अथणी, पार विजापूरपर्यंतच्या माणसांच्या
फासळ्या मोजल्यात त्यांनी.
माझा उजवा हातही आतून पाहिलाय,
सातवीत चिंचेवरून पडलो तेव्हा.
तोच हात आता माउसवर.

"आतलं बघून झालं रे सगळं,
आता एकदा बाहेरून बघते."

पान चार.
यापूर्वी किरणोत्साराशी संपर्क आला आहे का?
बाईंनी पिशवीतून वही काढली.
छातीवरचा बिल्ला दर तिमाहीला मुंबईला जायचा,
तिकडून आकडा यायचा,
तो इथे निळ्या शाईत.
शेवटच्या पानावर बेरीज, लाल शाईत,
दोनदा अधोरेखित.
"लिही," म्हणाल्या. "खाडाखोड नाही एकही."
पण तिथे लिहायला जागाच नव्हती.
नुसतं होय. नुसतं नाही.
मी होयवर टिचकी मारली.
वही बराच वेळ उघडीच राहिली
काउंटरवर, पंख्याखाली.

पान पाच म्हणजे पैसे.
डॉलरचे रुपये करून दाखवले आणि
उगाच केले असं वाटलं.
बाईंनी बोट टेकवून शून्यं मोजली,
वरून खाली फासळ्या मोजतात तशी, शांतपणे.
मग म्हणाल्या,
"भरलंय तेवढं ठेवता येतं का जपून?"
येतं. तीस दिवस.

तेव्हापासून महिन्याच्या महिन्याला येतात.
ओटीपीची वाट दोघं मिळून बघतो.
तिसाचे आता मी वीस घेतो,
फुकट त्यांना चालत नाही.

काल रात्री उड्डाण होतं, थेट प्रक्षेपण.
शटर अर्धं ओढून घेतलं.
बाहेर कुणाची तरी रिक्षा सुरू होत नव्हती.
आकडे उलटे निघाले, दहा, नऊ,
आणि बाईंचा हात सवयीनं
माझ्या खांद्यामागे आला, पाठ सरळ करायला.
"श्वास घ्या," म्हणाल्या.
तीन.
"धरा."
दोन.
"हलू नका."
मी धरला.
पडदा पांढराफेक झाला,
मधोमध एक बारीक, सरळ हाड
वर वर जाताना,
आणि नेट अडकलं.

गोल फिरत राहिलं.
रिक्षा सुरू झाली, निघून गेली.
बाई पडद्याकडे बघत उभ्या,
सोडा म्हणायच्या
विसरल्याच.